डोमाजीचा खुबा

घोरपडीच्या तेलाचा वास एकदा धोतरात शिरला की सोड्यात उकळूनही निघत नाही. डोमाजी तायडेला त्या वासाची अशी शिसारी बसली होती की जाईबाई वाटी घेऊन जवळ आली की तो तोंड भिंतीकडे फिरवायचा. उजवी मांडी, उजवा गुडघा, कंबर, सगळीकडे ते तेल चोळून झालं होतं. त्याआधी बिब्ब्याचे चटके झाले होते, त्याआधी तेल्हाऱ्याच्या बाजारातल्या एका वैदूने जळवा लावल्या होत्या. ज्याला त्याला इलाज ठाऊक होता आणि एकेक इलाज दुसऱ्यापेक्षा घाण होता. दुखणं मात्र जागचं हललं नव्हतं.

डोमाजी पाय ओढत चालतो हे गावात सगळ्यांना दिसत होतं. पण तो वाकत का नाही, याचं कारण गावाने वेगळंच ठरवून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर सगळी घाण तिथेच होती, तेलात नव्हती.

छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. परतल्यावर वस्तीने बसून ठरवलं की गावकीची कामं बंद. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, सांगावे न्यायचे नाहीत आणि पाटलापुढे वाकून जोहार घालायचा नाही. त्याआधी तीस वर्षं पोळ्याचं तोरण डोमाजीच बांधत आला होता, आणि तोरण तुटलं की खुशालराव पाटलापुढे कमरेत वाकून जोहार घालण्याचा पहिला मानही त्याचाच होता. मान म्हणायचं, दुसरं काय! सत्तावन्नच्या पोळ्याला तोरण बांधायला वस्तीतून कोणी गेलं नाही. डोमाजी फक्त आपली बैलजोडी घेऊन गेला, कारण तीन एकर का होईना, शेत त्याचं होतं. तोरण तुटलं, पाटील समोर आला, सवयीने थांबला. डोमाजी त्याच्यापुढे ताठ उभा राहिला. साऱ्या गावाने पाहिलं. पाटलाचं तोंड काळंठिक्कर पडलं आणि डोमाजीचं नाव त्या दिवशी पंचक्रोशीत झालं.

हे गावाने पाहिलं ते. झालं ते असं की पाटील समोर येताच डोमाजीचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि कंबर वाकायला लागली. ठरलेलं सगळं डोक्यात होतं, पण तीस वर्षांची सवय डोक्याला विचारत बसत नाही. वीतभर वाकला असेल नसेल, तोच उजव्या जांघेत अशी कळ आली की जीव डोळ्यांत आला. तो होता तसा सरळ झाला आणि दात आवळून उभा राहिला. लोकांना त्याच्या आवळलेल्या दातांत निर्धार दिसला.

त्यानंतर सात वर्षं तो त्या कळेचं खात होता. दर जयंतीला वस्तीतला पुढारी नत्थुजी माईकसमोर उभा राहून डोमाजीच्या पाठीची गोष्ट सांगायचा आणि टाळ्या पडायच्या. पोरासोरांना डोमाजीच्या अंगणात आणून दाखवायचा. डोमाजी खाटेवर बसून मान हलवायचा, हारही घालून घ्यायचा. एकदाही त्याच्या तोंडून खरं निघालं नाही, आणि दरवर्षी हार गळ्यात पडला की त्याला स्वतःचीच किळस यायची. आपण खरंच वाकलो नसतो का, हा एकच प्रश्न त्याच्या मनात घर करून होता, आणि त्याचं उत्तर देणारी मांडी आखडून बसली होती.

चौसष्टच्या चैत्रात त्याला खाली बसून जेवताही येईना. परसाकडे बसणं तर शिक्षाच झाली. त्याचा मुलगा श्रावण अमरावतीला कचेरीत कारकून होता. त्याने तिथल्या एका दवाखान्यात नाव घातलं. तिथे हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की खुब्याचा सांधा झिजला आहे, आता व्यायामाच्या बाईंकडून तपासून घ्या. श्रावणला रजा मिळेना, म्हणून सोबत नत्थुजी आला. त्याचं अमरावतीत काही काम होतं, आणि डोमाजीसारख्या माणसाला सोबत करणं त्याला आवडायचंही.

डोमाजीची अपेक्षा साधी होती. सुई टोचतील, बाटली देतील, वाईट कडू असेल, संपलं. बाहेरच्या बाकावर तासभर बसून फिनाईलच्या वासाने त्याचं डोकं उठलं. शेजारच्या माणसाच्या पायाचं बँडेज पिवळं झालेलं होतं आणि तो ते बोटाने कुरतडत होता. डोमाजीने तोंड फिरवलं तर दुसऱ्या बाजूला पिकदाणी होती.

व्यायामाच्या बाईंचं नाव इंदूबाई. वय तिशीच्या आत, पांढरा कोट, मुंबईला शिकून आलेल्या. खोलीत एक लाकडी पलंग, भिंतीला लावलेली शिडी आणि टेबलावर शिंप्याकडे असते तशी टेप. घरचं कोणी सोबत असेल तर त्यांनी आत थांबावं, पुढे व्यायाम करून घ्यायला बरं पडतं, असं त्या म्हणाल्या. नत्थुजी ऐटीत खुर्ची ओढून बसला.

सुई नाही की बाटली नाही. बाई नुसत्या विचारतच सुटल्या. कुठे दुखतं, बोट ठेवून दाखवा. सकाळी उठल्यावर किती वेळ आखडल्यासारखं राहतं. किती चालल्यावर थांबावं लागतं. त्या कुशीवर झोपता येतं का. मांडी घालता येते का, उकिडवं बसता येतं का, बैलगाडीत चढताना कोणता पाय आधी टाकता. डोमाजीला गुडघा दुखतो असं वाटत होतं, म्हणून तो गुडघाच दाखवत होता. बाईंनी गुडघा हलवून पाहिला आणि गुडघ्यात काही नाही, खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात बोलतं, असं सांगितलं. म्हणजे दोन वर्षं घोरपडीचं तेल भलत्याच जागी जिरत होतं. डोमाजीला त्या तेलाचा नव्याने राग आला.

मग त्यांनी विचारलं, "वाकून जमिनीवरची वस्तू उचलता येते का?"

उत्तर नत्थुजीने दिलं. ते वाकत नाहीत बाई, सत्तावन्नपासून कोणापुढे वाकले नाहीत, साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मी यांना विचारते आहे, असं शांतपणे सांगितलं. माणसापुढे वाकण्याचं त्या विचारतच नव्हत्या. खाली पडलेली काठी उचलता येते का, एवढंच त्यांना हवं होतं.

नाही येत, डोमाजी म्हणाला. कधीपासून, बाईंनी विचारलं. सहा-सात वर्षं झाली. पहिल्यांदा कधी अडकलं ते आठवतं का, काय करत होता तेव्हा?

डोमाजीने टेबलाकडे पाहिलं. बाईंचा टाक कागदावर थांबला होता. खोटं सांगायला काहीच हरकत नव्हती, नांगर उचलताना म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोरची बाई कौतुकाने विचारत नव्हती की हिणवायलाही विचारत नव्हती. सात वर्षांत असं विचारणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं, आणि खोटं बोलायचा त्याला एकाएकी वीट आला.

"सत्तावन्नच्या पोळ्याले," तो म्हणाला. "पाटलाले जोहार घालाले वाकत होतो. जांघेत कळ आली आन मंग वाकताच आलं नाई."

नत्थुजीची खुर्ची करकरली. बाईंनी खाली मान घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं, सात वर्षांपूर्वी पुढे वाकताना उजव्या जांघेत प्रथम कळ. बरोबर ना? डोमाजीने मान हलवली. जी गोष्ट त्याने जाईबाईलाही सांगितली नव्हती, ती त्या कागदावर दीड ओळीत मावली आणि बाईंनी पान उलटलं.

त्यानंतर धोतर सोडून चड्डीवर उभं राहायचं होतं, कारण मांड्या दिसल्याशिवाय तपासणी होत नाही. डोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमरेखालच्या बिब्ब्याच्या काळ्या डागांवर नजर पडताच बाईंच्या कपाळाला आठी पडली. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं, आणि पुन्हा करू देऊ नका म्हणाल्या. मग त्यांनी हात धुतले. हात धुऊन मग हात लावणारं माणूस डोमाजी पहिल्यांदाच पाहत होता. आजवर लोक त्याचा हात लागल्यावर धुवायचे.

त्यांनी त्याला खोलीभर चालवलं, पाठीमागून पाहिलं, पुढून पाहिलं. एका पायावर उभं राहायला लावलं. डाव्यावर तो उभा राहिला. उजव्यावर उभं राहताच कमरेची दुसरी बाजू खाली गेली आणि तो भिंतीवर कलंडला. पलंगावर झोपवून टेपने कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले, उजवा अर्धा इंच आखूड भरला. मांड्यांचा घेरही मोजला, तिथेही उजवी उणी. मग डावा गुडघा पोटाशी धरायला सांगितला, तेव्हा उजवी मांडी आपोआप पलंगावरून वर उचलली गेली. बाई म्हणाल्या, हे पाहा, तुमचा खुबा पूर्ण सरळही होत नाही. तुम्ही ताठ उभे असता तेव्हाही तो थोडा वाकलेलाच असतो, कमरेला बाक देऊन तुम्ही ते झाकता.

सात वर्षं माईकवरून गाजलेला ताठपणा तो. 

शेवटी त्यांनी त्याची टाच एका हातात घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली घातला आणि पाय हळूहळू दुमडत पोटाकडे नेला. मग पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन खुबा आत फिरवून पाहिला. तिथे तो खिळा ठोकल्यासारखा थांबला आणि डोमाजीच्या तोंडून शिवी निघाली. बाईंनी ती ऐकली नाही असं दाखवलं. त्याची भेगाळलेली टाच अजून त्यांच्या हातात होती. कोणत्या जातीची ही बाई, हे त्याच्या मनात येऊन गेलं आणि असं मनात आल्याचीही त्याला लाज वाटली.

निदान साधं होतं. झिजलेला सांधा नवा होत नाही, ते आधी लक्षात घ्या, बाई म्हणाल्या. पण तुमचा सगळा अडसर हाडाचा नाही. निम्मा आखडलेल्या स्नायूंचा आहे, आणि तेवढा सुटू शकतो. रोज अर्धा तास पालथं झोपायचं. उताणं पडून गुडघा पोटाशी घ्यायचा, कुशीवर पडून पाय वर उचलायचा. काठी दुखऱ्या बाजूला नाही, डाव्या हातात धरायची. बिब्बा आणि तेल बंद. तीन महिने नेमाने केलंत तर जमिनीला हात लागावा इतकं वाकता येईल, दीड महिन्याने दाखवायला या.

बाहेर आल्यावर नत्थुजी आपलं काम विसरून थेट बडनेऱ्याच्या मोटारीकडे निघाला. स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्याने तोंड उघडलं. झालं ते झालं, बाईसमोर बोललात ते तिथेच राहू द्या, गावात एका अक्षराने कळता कामा नये, असं त्याचं म्हणणं. पोरांनी तुमच्याकडे पाहून शाळेची वाट धरली आहे. इथवर डोमाजीला पटत होतं. पण नत्थुजी तिथे थांबला नाही. त्याने आवाज खाली आणला.

"मी म्हन्तो, व्यायाम तरी कशाले पाह्यजे, दादा? दुखन्यापुरती गोळी घ्या. तुमी वाकाले लागले तर लोक काय म्हन्तीन?"

डोमाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चांगला माणूस होता नत्थुजी. रात्रशाळा चालवायचा, दारूच्या वाटेला जात नव्हता. आणि तोच माणूस आता त्याला परसाकडे सुद्धा धड बसता येऊ नये असं म्हणत होता, भाषणासाठी.  मला पाणी प्यायचं आहे, असं सांगून डोमाजी नळाकडे गेला आणि अकोल्यापर्यंत दुसऱ्या बाकावर बसला.

घरी आल्यावर त्याने तेलाची बाटली उकिरड्यावर फेकली आणि जाईबाईला सगळं सांगितलं, पोळ्यासकट. ती सुपातले खडे निवडत होती. निवडता निवडता म्हणाली की मला सांगितलं असतं तर सात वर्षं तुम्हाला मोठा माणूस समजून उगीच भिऊन वागले नसते. दुसऱ्या दिवसापासून तीच व्यायाम मोजायला बसू लागली. अंगणात, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर डोमाजी खाटेवर पालथा पडायचा, पाय उचलायचा, कण्हायचा. पोरं हसायची. नत्थुजीने त्या बाजूने जाणं सोडलं.

दुखण्यापायी त्याला वाकताच येत नाही हे असं गावभर झालं, आणि ते पाटलाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. सात वर्षं खुशालराव डोमाजीशी बोलला नव्हता. नांगरटीच्या सुमाराला तो रस्त्यात स्वतःहून थांबला. तोंडात पान, ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ हनुवटीवर आलेला. आधी तो डोम्या म्हणायचा, आज डोमा म्हणाला.

"मले काय मालूम बाप्पा तुले तवाच दुखनं होतं," तो म्हणाला. "मी समजलो ताठा चढला. सांगाचं नाई का? आता माह्या मनात काई नाई. माफ केलं म्या तुले."

आणि त्याने डोमाजीच्या खांद्यावर थोपटलं. सात वर्षांचा राग डोमाजीला पचला होता, ही माया पचेना. पाटलाच्या मते मग झालंच काय होतं? धर्म बदलला नव्हता, वस्तीने काही ठरवलं नव्हतं, एका म्हाताऱ्याचा सांधा आखडला होता आणि आता सुटणार होता. त्या ओल्या लाल ओठांवरून डोमाजीने नजर काढली. पण तो थोपटणारा हात त्याला झटकता आला नाही. कारण अर्धं सत्य पाटलाच्याच बाजूचं होतं.

घरी जाऊन त्याने त्या दिवशी व्यायाम दुप्पट केला, आणि दोन दिवस खाटेवरून उठला नाही. बाईंनी दीड महिन्याने पाहिलं तेव्हा त्याबद्दल त्याने त्यांची बोलणी खाल्ली. पण खुबा सुटत होता. आषाढात त्याला स्टुलावर बसून पायताण घालता आलं. श्रावण महिना निम्मा झाला तेव्हा कण्हत का होईना, पण वाकून त्याने अंगणातला खराटा उचलला. जाईबाईने पाहिलं आणि नजर वळवली. पोळा पंधरा दिवसांवर होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जाऊ नका, तिने एकदाच सांगितलं. डोमाजी गेला.

तोरणाखाली गावातल्या साऱ्या जोड्या उभ्या होत्या. पाटलाची जोडी पुढे, झुली, घुंगरं, शिंगांना बेगड. डोमाजीची जोडी शेवटी. वस्तीतली माणसंही पाहायला जमली होती, त्यांत नत्थुजी होता. तोरण तुटलं, हलकल्लोळ झाला, धुराळा बसला आणि लोक एकेक करून पाटलाला रामराम करू लागले. डोमाजीचा एक बैल बुजला, कासरा हातातून सुटून जमिनीवर पडला. लोक उचलायला पुढे झाले. डोमाजीने त्यांना थांबवलं आणि पाटलाकडे पाठ करून स्वतः वाकला. जांघेत ओढ बसली, कळ आली नाही. कासरा उचलून तो सरळ झाला.

खुशालरावाने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मोकळा झाला वाटते आमचा डोमा, असं आजूबाजूच्यांना सांगत तो पुढे आला आणि समोर येऊन थांबला. आशीर्वादाला हात उचलून वाट पाहत राहिला. नत्थुजीने मागून डोमाजीची बाही ओढली, मागे व्हा म्हणून. डोमाजीने बाही सोडवून घेतली.

आणि तेव्हा पाठीत ती सवय खरंच हलली. सात वर्षांत मेली नव्हती ती, नुसती दबून होती. हात कपाळाकडे निघाला, कंबर सैल पडली. डोमाजीने जांघेतल्या कळेची वाट पाहिली. ती आली नाही. खुबा मोकळा होता, वाट मोकळी होती, अडवायला कोणीही नव्हतं. त्याला आपल्या पाठीची अशी किळस आली, जशी तेलाची कधी आली नव्हती. त्याने उचललेला हात खाली आणला आणि कासऱ्याभोवती आवळून धरला.

"पाटील," तो म्हणाला, आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "सत्तावन्नच्या पोळ्याले मी वाकत होतो. मांडीनं अडवलं म्हून उभा राह्यलो. नत्थुजी सांगते ते खरं नाई. आज मांडी अडवत नाई. आता पाह्यलं तुमी, मी वाकू शकतो."

तो तसाच उभा राहिला.  खुशालरावाचा हात अजून वर होता, आणि इतक्या लोकांसमोर तो खाली कसा न्यावा हे त्याला कळत नव्हतं.